केडन्स 90 च पाहिजे का? घाटात गुडघा अन सपाटीला दम, दोन्हीचं एकच उत्तर

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही 44 वर्षांचे, शाळेत शिकवता, वजन 75 किलो, मागच्या वर्षी हायब्रीड सायकल घेतली, पुढं 42-34-24 दातांची तीन चाकं अन मागं 14 ते 28 दातांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चाकांचा गठ्ठा. रविवारी ग्रुपसोबत छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादचा घाट चढून खुलताबादला भद्रा मारुतीपर्यंत जाता, अंगात जोर असला तर पुढं म्हैसमाळ. ग्रुपमधले म्हणायलेत की केडन्स, म्हणजे मिनिटाला पायडलच्या फेऱ्या, 90 च्या खाली यायलाच नको, गुडघे जातील. तुम्ही सपाटीला 90 मारून बघितलं तर घड्याळात हृदयाचे ठोके 160 च्या वर अन सीटवर आपटायला व्हायलंय, आणि घाटात तर 50 पण निघत नाही, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा पुढून दुखतो. मग खरं काय, अन 90 नं चरबी जास्त जळते का, अन वडिलांच्या घरातल्या स्टॅटिक सायकलवर किती फेऱ्या ठेवायच्या. एवढं सगळं एकदम विचारलंत त्यामुळं उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सरळ सांगतो, 90 चा नाद सध्या सोडा. केडन्स वाढवल्यानं काम कमी होत नाही, तेच काम पायाच्या स्नायूंवर किती टाकायचं अन हृदय-फुप्फुसांवर किती, ही वाटणी तेवढी बदलते. समजा ट्रॉलीतून 100 किलो ज्वारी घरात न्यायचीय. 50 किलोची दोन पोती पाठीवर घेतली तर दोन खेपांत काम उरकतं पण कंबर बोलायला लागते, अन दहा-दहा किलोच्या पाट्या केल्या तर कंबरेला काही होत नाही पण दहा वेळा रिकाम्या हातानं माघारी यावं लागतं अन धाप लागते. पायडलचं पण तेच आहे, हळू फिरवलं तर प्रत्येक दाबाला जोर जास्त, जोरात फिरवलं तर जोर कमी पण पाय नुसता वर-खाली न्यायचाच खर्च वाढत जातो. हा जो नुसता पाय फिरवायचा खर्च आहे ना, तो सगळे विसरतात. चेन काढून ठेवा अन 90 नं पायडल फिरवत बसा, सायकल जागची हलणार नाही पण तुम्हाला घाम येईल.

आता आकड्यात बघू, कारण आकड्याशिवाय ही चर्चा म्हणजे पारावरच्या गप्पा. ताकद वॅटमध्ये मोजतात, ती म्हणजे पायडल फिरवायचा जोर गुणिले फिरण्याचा वेग. तुमच्या वयाचा, वर्षभर सायकल चालवणारा माणूस बराच वेळ 150 वॅट काढू शकतो असं धरू. क्रँक, म्हणजे पायडल ज्याला लागतं तो दांडा, 170 मिलीमीटरची, ही आपल्याकडं सगळ्यात कॉमन. 150 वॅट 50 आरपीएमनं, म्हणजे मिनिटाला 50 फेऱ्यांनी, काढायचे तर पायडलवर पूर्ण फेरीत सरासरी 17 किलोचा जोर लागतो, 60 नं 14 किलोच्या आसपास, अन 90 नं साडेनऊ. हे सरासरी बरंका, प्रत्यक्षात पाय खाली दाबतानाच सगळा जोर लागतो म्हणून त्या क्षणाचा जोर याच्या साधारण दुप्पट धरायचा. म्हणजे ग्रुपवाले म्हणतात त्यात तथ्य आहेच, 90 ला गुडघ्यावरचा दाब कमी होतो. पण टीव्हीवर दिसणारा जो प्रोफेशनल 90 नं फिरवतो तो 300 वॅट काढत असतो, अन 300 वॅट 90 नं म्हणजे पायडलवर सरासरी 19 किलो. तुम्ही 150 वॅट 60 नं काढताना 14 किलोच दाबताय! म्हणजे 60 वर तुमच्या पायावर त्याच्यापेक्षा कमी ओझं आहे. त्याला 90 ची गरज आहे कारण तो 60 नं फिरवायला गेला तर सरासरी 28 किलोच्या पुढं जाईल अन त्याचे पाय तासाभरात संपतील. तुम्ही सपाटीला आरामात चालवताना तर जेमतेम 100 वॅट काढत असाल, तिथं 90 ठेवलं तर पायडलवर सहा-साडेसहा किलो, इतक्या कमी जोरात वाचवण्यासारखं काय राहिलं? नुसता पायच हलवत बसायचा अन त्याचं भाडं हृदयानं भरायचं.

प्रयोगशाळेत पण हेच दिसलंय. 1985 मध्ये कोस्ट आणि वेल्च यांनी वेगवेगळ्या ताकदीला सगळ्यात कमी ऑक्सिजन कोणत्या केडन्सला लागतो ते मोजलं, तर 100 वॅटला तो आकडा 50 च्या आसपास आला अन 300 वॅटला 80 च्या जवळ गेला. ताकद वाढेल तसा आकडा वर सरकत गेला. म्हणून कुणी नुसतं विचारलं ना की सर केडन्स किती ठेवू, तर मी उलट विचारतो की वॅट किती काढतोस. फिटनेस मोजायची ऑस्ट्रांड यांची जुनी सायकल टेस्ट आहे, 1954 पासूनची, शारीरिक शिक्षण शिकलेल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी घेतलेली, तिच्यात साध्या माणसाला 50 आरपीएमवरच चालवायला लावतात.

मग ऑक्सिजन कमी 50-60 ला लागतो तर मुरलेले सायकलवाले स्वतःहून 80-90 वर का जातात, हा प्रश्न संशोधकांना पण बरीच वर्षं छळत होता. त्याचं उत्तर स्नायूच्या आत आहे अन मला ते सगळ्यात भारी वाटतं. मांडीच्या स्नायूत ढोबळमानानं दोन जातीचे तंतू असतात. एक हळू चालणारे, दमत नाहीत, ऑक्सिजन वापरून दिवसभर काम करतात. दुसरे जोरकस, पण लवकर दमणारे अन साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन भराभर खाणारे. प्रत्येक दाबाला जोर थोडा लागला तर पहिल्यांवर भागतं, जोर जास्त लागला की शरीर दुसऱ्यांना कामाला बोलावतं. 1992 साली आल्क्विस्ट अन सहकाऱ्यांनी सायकलवाल्यांना त्यांच्या कमाल क्षमतेच्या 85 टक्क्यांवर एकदा 50 नं अन एकदा 100 नं अर्धा तास चालवायला लावलं अन आधी-नंतर मांडीतला स्नायूचा तुकडा काढून तपासला, तर 50 ला त्या जोरकस तंतूंमधलं ग्लायकोजेन जास्त संपलेलं होतं. काम तेच, पण 50 वर जी कुमक राखून ठेवायची तीच आधी खर्चली गेली. 1996 ला जपानमध्ये ताकाइशी यांनी स्नायूंची विद्युत हालचाल मोजली, तिथं ऑक्सिजन सगळ्यात कमी 60-70 ला लागला पण स्नायूंचा थकवा सगळ्यात कमी 80-90 ला दिसला. म्हणजे मुरलेला सायकलवाला थोडा जास्त ऑक्सिजन खर्च करतो अन पाय वाचवतो, त्याच्या हृदय-फुप्फुसात ती शिल्लक असते म्हणून त्याला परवडतं. तुमच्याकडं अजून ती शिल्लक तयार व्हायची आहे.

त्यात रक्ताचा पण भाग आहे. स्नायू जोरात आवळला की आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात अन तेवढा वेळ रक्त नीट जात नाही, सैल सोडला की परत वाहतं. 45 नं जड गियर दाबताना आवळलेला वेळ लांब अन दाब पण जास्त, म्हणून मांडीत आग होते. तेच पाय भराभर फिरले की हे आवळणं-सोडणं पंपासारखं काम करतं अन पायातलं रक्त हृदयाकडं ढकलतं. 1996 मध्येच गॉटशॉल अन मंडळींनी 200 वॅटवर 70, 90 अन 110 असं मोजलं होतं, केडन्स वाढला तसे ठोके तर वाढलेच पण एका ठोक्याला हृदय जेवढं रक्त फेकतं ते पण वाढलं. त्यामुळं 90 ला ठोके वाढले म्हणजे लगेच काही वाईट झालं असं समजून घाबरू नका, काम पायाकडून हृदयाकडं सरकलं एवढाच त्याचा अर्थ.

पण तुमचे 160 हे नुसत्या सरकण्यानं आलेले नाहीत. तेवढ्याच वॅटला 60 वरून 90 वर गेल्यावर नव्या माणसाचे पाच-दहा ठोके वाढतात असं मी शिकवताना नेहमी बघतो. 44 व्या वर्षी 160 म्हणजे तुमच्या कमालच्या बरंच जवळ, सपाटीला एवढं जायचं कारण नाही. दोन गोष्टी झाल्या असतील. एक, तुम्ही गियर न बदलता नुसतं जोरात फिरवलं, मग वेग पण वाढला अन वॅट पण वाढले, ही तुलनाच होत नाही. केडन्स वाढवताना गियर हलका करून वेग तोच ठेवायचा असतो. दुसरं, ते सीटवर आपटणं. 90 ला एक फेरी सेकंदाच्या दोन तृतीयांश भागात होते, म्हणजे पाय खाली दाबायला सेकंदाचा तिसरा भागच मिळतो, अन स्नायूला सोड म्हटल्यावर पूर्ण सैल पडायला सेकंदाचा साधारण दहावा भाग तरी लागतो. सवय नसली की तुम्ही पायडल तळाला जाऊन वर यायला लागलं तरी खालीच दाबत बसता, मग तो दाब तुम्हालाच सीटवरून उचलतो अन दुसऱ्या पायाला त्या दाबाविरुद्ध काम करावं लागतं. आपलाच एक पाय दुसऱ्याशी भांडतोय, त्यात ऑक्सिजन वाया. हे सवयीनं सुधरतं, स्नायू थोडा आधी सोडायला मेंदू शिकतो. अन कधी कधी कारण साधं असतं, सीट जास्त उंच झालेली असते अन कंबर डोलते.

आता घाटाकडं या, कारण दुखणं तिथं आहे. चढ शंभर मीटरला सहा मीटर धरू, तुम्ही अन सायकल मिळून 88-89 किलो, 150 वॅटवर तुमचा वेग निघतो तासाला 9 किलोमीटरच्या जवळ. तुमच्या सायकलचं पुढचं मधलं 34 चं चाक अन मागचं सगळ्यात मोठं 28 चं, यावर एका फेरीत सायकल 2.6 मीटर पुढं जाते, म्हणजे 9 च्या वेगाला केडन्स 57. अवघड वळणावर चढ वाढला अन वेग 7 वर आला की हाच केडन्स 44 वर येतो, पायडलवर सरासरी 19-20 किलो, दाबाच्या क्षणाला त्याच्या दुप्पट, अन असं एका एका पायानं मिनिटाला 44 वेळा. मग गुडघा बोलणार नाही तर काय करणार. पुढचं 24 चं लहान चाक टाकलं तर एका फेरीत 1.86 मीटरच पुढं जायचं, 9 च्या वेगाला केडन्स 80 अन 7 च्या वेगाला 63. तोच घाट, तीच ताकद, अन जोर 19-20 वरून साडेतेरावर आला.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की पुढचं गियर मी सहसा हलवत नाही, चेन पडते. तर सगळं घोडं तिथंच अडलंय. आपल्याकडं हायब्रीड घेणाऱ्यातले बरेच लोक डाव्या हाताच्या शिफ्टरला, म्हणजे पुढचं गियर बदलायच्या खटक्याला, हातच लावत नाहीत, मधल्या चाकावर आयुष्य काढतात अन मग केडन्सवर वाद घालत बसतात. दुकानात नेऊन पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चाकावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग, नीट लावून घ्या, चेन किती आत जाऊ द्यायची ते ठरवणारा लिमिट स्क्रू बरोबर बसवला की चेन आत पडायची बंद होते. अन टाकायची वेळ पाळा, चढ सुरू व्हायच्या आधी, पाय हलका असताना. चढावर जोर लावलेला असताना पुढचं गियर टाकलं की चेन पडणारच, त्यात सायकलचा दोष नाही. लहान चाकावर असताना मागं 14-16 च्या छोट्या दातांवर जाऊ नका, चेन तिरकी होऊन घासते.

ग्रुपमधला कुणी तुम्हाला म्हणेल की लहान चाक बायकापोरांसाठी असतं वगैरे. ऐकू नका. युरोपातल्या मोठ्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत धावणाऱ्या प्रोफेशनल्सचं लुसिया अन सहकाऱ्यांनी मोजलं होतं, 2001 चं काम आहे, तिथं सपाटीला सरासरी 90 च्या आसपास अन मोठ्या डोंगरांवर 70 च्या आसपास आलं. म्हणजे 90 वाल्यांचा केडन्स पण चढावर पडतो. 90 चं खूळ जास्त पसरलं ते अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँग या सायकलपटूमुळं, तो चढावर भराभर पाय फिरवायचा अन त्याच्याशी टक्कर घेणारा उलरिच जड गियर रेटायचा, अन जिंकत होता आर्मस्ट्राँग, मग सगळ्या जगानं ठरवलं की यशाचं गुपित केडन्समध्ये आहे. पुढं 2012 ला डोपिंगमुळं त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं काढून घेतली, ते गुपित वेगळंच निघालं.

तुमच्यासाठी आकडे सांगायचेच तर, सपाटीला 65 ते 80, चढावर 60 च्या खाली जाऊ द्यायचं नाही एवढं बघा. वरची मर्यादा शरीराला ठरवू द्या. हे अंदाजपंचे वाटेल पण शरीर यात बऱ्यापैकी हुशार आहे. लांब राइडला दोन-अडीच तासांनी केडन्स आपोआप खाली येतो, चांगल्या चांगल्यांचा येतो, त्याच्याशी झगडू नका, गियर एक हलका करा अन चालू द्या. 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब राइड, करणारे साडेतेरा तासांच्या मुदतीत एकच आकडा धरून बसले तर पैठणच्या अलीकडंच संपतील.

वाऱ्याचं एक सांगायचं राहिलं. जून-जुलैत वाळूजकडं जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, तो दिसत नसलेला चढ समजा अन गियर हलका करा. मी बघतो की घाटात गियर बदलणारे लोक सुद्धा वाऱ्यात बदलत नाहीत, सपाट रस्ता आहे म्हणून वेग 22-23 चाच पाहिजे असा हट्ट, मग तेच 50 च्या केडन्सला रेटत बसतात अन संध्याकाळी गुडघ्याला तेल चोळतात.

एप्रिल-मेमध्ये अजून एक हिशोब डोक्यात ठेवा. शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली साधारण पाचवा हिस्साच पायडलपर्यंत पोचते, बाकी सगळी उष्णता. 150 वॅट काढताना अंगात साडेपाचशे-सहाशे वॅटची उष्णता तयार होते, अन केडन्स गरजेपेक्षा जास्त ठेवला तर त्यात भरच पडते. घाटात 8-9 च्या वेगाला वारा लागत नाही, घाम वाळत नाही, अन बाहेर 40-41. उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीकडं वळतं, मग तेवढ्याच कामाला ठोके वाढतात. म्हणून मे महिन्यातल्या ठोक्यांची डिसेंबरशी तुलना करून मी कमजोर झालो का असं विचारू नका. उन्हाळ्यात घाट सात-साडेसातच्या आत उतरलेला बरा.

सराव असा करा. पैठण रोडला बिडकीनच्या पुढं किंवा तुमच्या जवळचा कुठलाही सपाट, कमी गर्दीचा रस्ता, सकाळी. सेन्सर नसला तरी चालतं, उजवा गुडघा वर आला की मोजायचं, 15 सेकंदात 18 आले तर 72, 20 आले तर 80. आधी काही विचार न करता चालवा अन तुमचा नैसर्गिक आकडा काढा. मग एक गियर हलका करून, वेग तोच ठेवून, त्या आकड्याच्या पाच वर काही मिनिटं, मग परत नेहमीच्या आकड्यावर, असं तीन-चार वेळा. खांदे सैल, हँडल आवळून धरायचं नाही, लक्ष पाय उचलण्याकडं, दाबण्याकडं नाही. सीटवर उड्या सुरू झाल्या की तुमची आजची हद्द आली, तिथून चार-पाच खाली या. दोनेक महिन्यांत तोच 80 तुम्हाला 70 सारखा वाटायला लागेल. जड गियर टाकून 50 नं चढ चढायचा सराव पण काही कोच देतात, ताकद वाढते म्हणून, पण त्याच्या फायद्याबद्दल संशोधन एकमुखानं बोलत नाही, अन दुखरा गुडघा असताना तर त्या वाटेला जायचंच नाही.

अन केडन्सच्या आधी सीट बघा. गुडघ्याचं पुढून दुखणं अन जिना उतरताना जास्त होणं याला कमी उंचीची सीट हे फार मोठं कारण आहे, गुडघा जास्त दुमडून दाबला की वाटीमागचा दाब वाढतो. भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, मग चवड्यानं चालवताना गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा वाक उरतो. आपल्याकडं रस्त्यावर दोन्ही पाय टेकले पाहिजेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय आहे, ती जुन्या काळ्या सायकलवर दूध घालायला ठीक होती. सीट एकदम दोन इंच वर नेऊ नका, चार-पाच मिलीमीटर करत न्या. गुडघ्याला सूज येत असेल, अडकत असेल किंवा रात्री ठणकत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून ऑर्थोपेडिकला दाखवा.

चरबीचं विचारलंत. त्याच वॅटला केडन्स बदलल्यानं जळणाऱ्या चरबीत म्हणावा असा फरक पडत नाही, ते ठरतं तुम्ही किती जोरात अन किती वेळ चालवता त्यावर, अन घरी येऊन तर्रीवाल्या मिसळीसोबत किती पाव खाता त्यावर. 90 ला कॅलरी थोड्या जास्त जातात हे खरं, पण तेवढ्या दहा मिनिटं जास्त चालवून सुद्धा जातात अन श्वासही टिकतो. गप्पा मारता येतील अशा वेगानं तासभर, आठवड्यात तीन-चार दिवस, पोट कमी करायला एवढं पुरे.

वडिलांचं मात्र वेगळं. सत्तरी, दोन्ही गुडघ्यांची झीज अन बीपीची गोळी असं तुम्ही लिहिलंय. त्यांना 50 ते 60, अन लोड इतका हलका की पाय सहज फिरेल. लोड शून्य करून 80-90 पण नको, पाय पळत राहतो अन सांध्याला धक्के बसतात, आणि लोड वाढवून 30-35 तर अजिबात नको, कारण जड पायडल दाबताना म्हातारी माणसं नकळत श्वास रोखून धरतात अन त्यानं बीपी एकदम चढतं. चालवताना श्वास चालू ठेवा, मोठ्यानं मोजत चालवा म्हणावं, मोजता आलं म्हणजे श्वास रोखलेला नाही. सीट उंच हवी पण चढ-उतार करताना कुणीतरी जवळ असावं. गोळी बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणाऱ्या जातीची असेल तर ठोके फारसे वाढत नाहीत, तिथं घड्याळातला आकडा बघून जोर ठरवणं फसवं आहे, दोन वाक्यं सलग बोलता येतात का ते बघायचं. सुरुवात पाच-सात मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, सांधा दुसऱ्या दिवशी जास्त आखडला नाही तर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. छातीत दडपलं, चक्कर आली तर थांबायचं अन डॉक्टरांना सांगायचं, त्याच दिवशी. अन त्या सायकलच्या डब्यावर वॅट अन कॅलरी दिसतात ना, त्या घरगुती मशीनवर फार विश्वास ठेवू नका, फेऱ्या तेवढ्या बऱ्यापैकी खऱ्या असतात.

पुढचा डिरेलर लावून झाला की या रविवारी 24 च्या चाकावर घाट चढून बघा अन वळणावरचा 15 सेकंदांचा आकडा मोजून कळवा. 24-28 वर सुद्धा 60 च्या खाली येत असेल तर मागचं फ्रीव्हील 34 चं टाकायचं बघू, सात गियरचं असेल तर ते मिळतं, फक्त मागच्या डिरेलरची बाही, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग, पुरेशी लांब आहे का ते आधी मेकॅनिकला बघायला सांगा.